नेरिकची राणी मी होणार होते

प्लेनोमधल्या एका निवृत्त हृदयरोगतज्ज्ञांनी मला फसवलं. मी त्यांना नाही, त्यांनी मला. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या मराठी मंडळात सध्या ही गोष्ट उलटी सांगितली जाते, आणि ती उलटी सांगणाऱ्यांमध्ये त्या दिवशी माझ्या हातची भाकर दोनदा वाढून घेतलेली माणसंही आहेत.

मी केटरिंग करते. सासवडकडची आहे. माझी आई आठवडी बाजारात बसून बायकांना बांगड्या भरायची, आणि घासाघीस मी तिच्या शेजारी बसून शिकले. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागे टेक्ससला आले, काम करायची परवानगी मिळाल्यावर पोळ्या लाटायला लागले, आणि आता माझं स्वतःचं किचन आहे, दोन व्हॅन आहेत, हाताखाली माणसं आहेत. यातलं कुणी मला दिलेलं नाही. पहिली व्हॅन घेताना मी डीलरशी इतका वेळ वाद घातला, की मी निघाल्यावर खरंच गेले का ते बघायला त्यांचा मॅनेजर पार्किंगपर्यंत आला होता. माझा राग लवकर चढतो हेही खरं आहे. पण तो चढायला कारण लागतं.

मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांचं जेवण माझ्याकडे असतं. त्यामुळे मंडळाची नाटकं मी कधी बघितलेली नाहीत, मी ती ऐकलेली आहेत. शाळेच्या हॉलमागच्या किचनमध्ये उभी राहून टाळ्यांवरून मला कळतं की मध्यंतर जवळ आलंय, तेल तापवायला हवं. विनोदी नाटक असलं तर तेल जरा उशिरा तापवलं तरी चालतं, कारण लोक हसत हसत जागेवरून उठायला वेळ लावतात. गंभीर नाटकाला मात्र पुऱ्या आधीच तयार ठेवाव्या लागतात.

माझी मुलगी त्याच किचनच्या दारात होमवर्क करत मोठी झाली. आता ती सांता क्लाराला नोकरी करते. एकदा सुट्टीत आली असताना तिच्या मैत्रिणीने तिला विचारलं, तुझे आईबाबा मंडळात काय करतात. ती म्हणाली, "बाबा ऑडियन्समध्ये झोपतात. मॉम डझ द फूड." यात खोटं काही नाही. तिने ते तुच्छतेनेही म्हटलं नव्हतं. पण मला ते लागलं, आणि तेव्हापासून मनात होतं की मुलीने एकदा तरी मला हॉलच्या उजेडाच्या बाजूने बघावं.

आता डॉक्टरकाका. काका म्हणजे मंडळातलं सगळ्यात जुनं खोड. ते आले तेव्हा इथे हिंग मिळत नव्हता, असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. निम्म्या मंडळाची हृदयं त्यांनी तपासलेली आहेत, त्यामुळे त्यांना नाही म्हणायला कुणी धजत नाही. निवृत्त झाल्यावर ते आणि काकू तुर्कस्तानची सहल करून आले. काकू गालिचा घेऊन आल्या. काका हित्ती लोक घेऊन आले.

हित्ती म्हणजे तुर्कस्तानातलं तीन हजार वर्षांपेक्षाही जुनं राज्य. मला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण एके दिवशी काका माझ्या किचनमध्ये आले, कांद्याच्या पोत्यावर बसले आणि बोलायला लागले.

"नेरिक नावाचं गाव होतं. वादळाच्या देवाचं. आपलं एखादं देवस्थान असतं ना, तसं. फार रागीट देव. एकदा चिडला आणि जमिनीतल्या विवरात जाऊन बसला. मग पुजारी विवराच्या तोंडाशी भाकरी, मध, तेल, दारू ठेवून विनवण्या करत बसले."

"आला का वर?"

"आला असावा. पण सहजासहजी नाही."

मला तो देव पटला. राग आला की उठून जावं आणि कुणीतरी विनवायला यावं, यात गैर काय आहे? शिवाय वादळाच्या देवाला टेक्सस मानवलं असतं. इथे वसंतात लिंबाएवढ्या गारा पडतात, आणि दुसऱ्या दिवशी छप्पर दुरुस्त करणारे प्रसादाच्या रांगेसारखे दारोदार उभे राहतात.

"त्यांचा वसंतात एक सण असायचा," काका म्हणाले. "पुरुल्ली म्हणायचे. आपला पाडवा समज. त्यात या देवाची आणि सर्पाची गोष्ट सांगत. ती मला यंदा पाडव्याला स्टेजवर आणायचीय. आणि त्यासाठी तुझ्या भाकरी पाहिजेत. हित्तींच्या सणात भाकरीवाचून पान हलत नाही. राजा आणि राणी एका देवापुढे भाकर मोडणार, दुसऱ्यापुढे जाणार, परत मोडणार. जाड भाकर, गोड भाकर, चंद्राच्या आकाराची, हाताच्या आकाराची, कानाच्या आकाराची."

"कानाच्या कशाला?"

"देवाने ऐकावं म्हणून असेल."

"मग एक कमिटीसाठी पण करते."

काका हसले आणि पैशाचं नंतर बोलू म्हणाले. मी म्हटलं, पैसे नकोत. मी पैसे नकोत म्हटलं की समोरचा माणूस घाबरतो, हे मी आयुष्यात पुष्कळदा बघितलंय. काका पोत्यावरच सावरून बसले.

"मग काय पाहिजे?"

"राणी कोण होणार आहे?"

"राणीला लाइन नाहीत ग. नुसतं येऊन भाकर मोडायची."

"मला येते मोडता."

"तालमीला वेळ कुठून काढशील?"

"जन्मभर तीच तालीम चाललीय."

त्यांनी पुजारीण देऊ केली, मी नको म्हटलं. देवीची सखी देऊ केली, तिला नाच होता. शेवटी म्हणाले, ठीक आहे, राणी तू. मी म्हटलं, असं नाही, शब्द द्या. तेव्हा ते खूश होऊन सांगायला लागले, की हित्ती लोक करार करताना हजार देवांना साक्षीला बोलवायचे. मी म्हटलं, आमच्याकडे एकच पुरतो. आमच्या भागात खंडोबाच्या नावाने बेलभंडारा उचलतात. तळहातावर बेलाचं पान आणि भंडाऱ्याची हळद घेऊन दिलेला शब्द कुणी मोडत नाही.

हळद माझ्याकडे बादलीभर असते. बेल नव्हता. प्लेनोत सगळं मिळतं, बेल मागितला की दुकानदार बेलाचं सरबत दाखवतो. आता पुढचं नीट ऐका. काका स्वतः उठले, मसाल्याच्या फळीवरची पुलावाची बरणी त्यांनी स्वतः उघडली, आणि तमालपत्र काढून म्हणाले, "पान ते पान." बेल त्रिदळ असतो म्हणून मी तीन तमालपत्रं घ्यायला लावली. त्यांनी ती हातावर घेतली, वर हळद घेतली आणि म्हणाले, "नेरिकची राणी तूच." मग पिवळ्या हातानेच गाडी चालवत घरी गेले.

मी कामाला लागले. जवाचं पीठ, मध, तेल. जाड भाकर पहिल्या दिवशी विटेसारखी झाली, नंतर जमली. हात जमला. चंद्र तर कुणालाही जमेल. कान मात्र ओव्हनमध्ये फुगायचा.

नवऱ्याने तो उचलून बघितला. "ही करंजी आहे का?"

"मी काय बोलतेय ते ऐकू येतंय ना तुला?"

"येतंय."

"मग तो कान आहे."

काका रोज फोन करायचे. मी कणीक मळताना फोन स्पीकरवर ठेवायचे आणि ते मला हित्तींची अडचण सांगायचे. नेरिक पुढे त्यांच्या हातून गेलं. डोंगरातल्या कास्का नावाच्या लोकांनी ते घेतलं, आणि कित्येक पिढ्या राजांना आपल्याच देवाच्या गावी जाता येईना. मग देवाचं सगळं ते दुसऱ्याच गावातून करायचे.

"आपण इथे पाडवा करतो तसं," काका म्हणाले.

"शनिवारी?"

"त्यांना वीकेंड नव्हता."

पण नैवेद्य तर नेरिकच्याच देवाचा. तो दुसऱ्या गावाहून पाठवायचा म्हणजे वाटेत कास्का. म्हणून हित्ती कास्कांच्या मुख्य माणसांना बोलवायचे, भेटी द्यायचे, आणि देवाच्या वस्तूंना हात लावणार नाही अशी शपथ घ्यायला लावायचे. कास्का भेटी घ्यायचे, शपथ घ्यायचे, आणि परत जाऊन तोच नैवेद्य लुटायचे. एका राजाने आणि राणीने याची देवांकडे रीतसर तक्रार केली आहे, मातीच्या पाटीवर लिहून. ती आजही वाचता येते. मी म्हटलं, तक्रार लिहून ठेवली हे बरं केलं. तोंडी तक्रारीचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

पाडव्याच्या कार्यक्रमाचा दिवस आला. मुलगी विमानाने आली होती. मी तिला एवढंच सांगितलं, "आज पुढे बस. मागे किचनमध्ये येऊ नकोस."

"व्हाय? काय झालं?"

"काही झालं नाही. पुढे बस."

ॲप्रनखाली मी हिरवी इरकल नेसले होते. भाकरी केळीच्या पानांत गुंडाळून व्हॅनमध्ये ठेवल्या, शाळेच्या मागच्या दाराशी गाडी लावली आणि आत गेले. विंगेत मंडळाच्या अध्यक्षांची बायको उभी होती. पुण्याची, तरुण, हसतमुख. पैठणी नेसली होती आणि डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट होता.

"ताई, थँक गॉड तुम्ही आलात. भाकरी कुठेत?"

"हा मुकुट कुणाचा?"

"राणीचा. काकांनी मला गुरुवारी सांगितलं. मला म्हणजे इतकं टेन्शन आलंय. पण राणीला काही काम नाहीये, नुसतं यायचं आणि ब्रेड तोडायचा."

"ब्रेड नाही. भाकर. आणि तोडायची नाही, मोडायची."

"हो, तेच."

काका मागे उभे होते, कापसाची दाढी चिकटवून घेत. मी बघितलं तसे ते दाढीकडे जास्तच लक्ष द्यायला लागले.

"अगं, हा हॉल आपल्याला अध्यक्षांच्या ओळखीने मिळाला. त्यांच्याकडून शब्द आला. मी काय करणार?"

"शब्द मला पण आला होता."

"तू समजूतदार आहेस."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी बाहेर गेले, व्हॅनमध्ये बसले आणि दारं लॉक केली. आई म्हणायची, भाव बोलायचा तो बांगडी मनगटावर चढल्यावर, कारण चढलेली बांगडी कुणी उतरवत नाही. इतकी वर्षं मी तेच केलं, आणि या एका सौद्यात मनगट माझं होतं. भाकरी भाजून झाल्या होत्या. मुलगी पुढच्या रांगेत बसली होती. पण किल्ली माझ्याकडे होती, आणि देवाचा सगळा नैवेद्य माझ्या पाठीमागे होता.

थोड्या वेळाने काका आले. अंगावर जांभळी शाल, हातात चांदीच्या कागदाची वीज. वारा सुटला होता आणि दाढी एका बाजूने उडत होती. मी काच दोन बोटं खाली केली.

"दार उघड. लोक बसलेत."

"बसू देत. देव पण बसला होता विवरात."

"अगं, देवाकडे जाणारा नैवेद्य वाटेत अडवतेस? तू कास्का झालीस."

"कास्कांनी काय केलं होतं? शपथ घेतली आणि मोडली. इथे कुणी मोडली?"

काका दाढी धरून विचार करायला लागले. वीज त्यांनी काखेत मारली. मग म्हणाले, "मुळात शपथ झालीच नव्हती."

"काय?"

"बेल नव्हता. तमालपत्र होतं. बेलाशिवाय बेलभंडारा कसा होईल? साक्षीदारच आला नाही, तर करार कसला? हित्तींनी सुद्धा मानला नसता."

"तमालपत्र काढलं कुणी?"

"मी काढलं. पण ते चालेल असं तू धरलंस."

माझा हात हॉर्नवर पडला आणि बराच वेळ तिथेच राहिला. दोन गाड्या पलीकडे एक मुलगा लॅपटॉप घेऊन बसला होता, त्याने काच खाली करून बघितलं. हा नागपूरचा इंजिनिअर, नाटकातला सर्प. ऑफिसमधून फोन आला होता, कुठली तरी सिस्टीम बंद पडली होती, आणि मेकअप केलेल्या हिरव्या तोंडाने तो गाडीत बसून ती चालू करत होता.

"काका, मला अजून तासभर लागेल यार," तो ओरडून म्हणाला. "सॉरी. प्रॉडक्शन डाऊन आहे."

काकांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"सर्पाचं तोंड रिकामं आहे," ते मला म्हणाले.

"सर्प काय करतो?"

"पहिल्या लढाईत देवाला हरवतो. मग देवी त्याला पोराबाळांसकट जेवायला बोलावते. ते इतकं खातात की परत बिळात मावत नाहीत. मग एक माणूस येऊन त्यांना दोरीने बांधतो, आणि देव येऊन मारतो."

"पहिल्या लढाईत कोण जिंकतं म्हणालात?"

"सर्प."

"आणि देव कोण झालंय?"

"मी."

मी दार उघडलं.

अटी तिथेच घातल्या. सर्पाचं तोंड झाकायचं नाही, माझ्या मुलीला मी दिसले पाहिजे. ते म्हणाले, मान्य. आणि मरायचं कधी ते मी ठरवीन. ही दुसरी अट ऐकलीच नाही असं काका आता सांगतात. ऐकली होती. भाकरीचा ट्रे उचलताना त्यांनी मान हलवली होती.

सर्प म्हणजे हिरव्या सॅटिनचा लांब पडदा. पुढे मी, मागे पडद्याखाली मंडळातली चार-पाच पोरं. स्टेजवर गेले तेव्हा प्रथम काही दिसलंच नाही, इतका उजेड डोळ्यांवर. नाटकं इतक्या उजेडात करतात हे मला मागून कधी कळलं नव्हतं. मग पहिल्या रांगेत मुलगी दिसली. तिने तोंडावर हात ठेवला होता. शेजारी नवरा चक्क जागा होता.

लढाई सुरू झाली. काकांचं वय लक्षात घेऊन मी त्यांना हळूच ढकललं. ते ठरल्याप्रमाणे गादीवर पडले. आता मी फुत्कार टाकून दूर व्हायचं होतं. मी त्यांच्या शालीवर बसले.

"ऊठ," काका ओठ न हलवता म्हणाले.

"राणीचं काय ठरलं होतं?"

"इथे?"

"साक्षीदार इथेच बसलेत."

"अगं, पान चुकीचं होतं."

काकांच्या कॉलरला माइक होता हे आम्ही दोघंही विसरलो होतो. पान चुकीचं होतं हे वाक्य हॉलच्या चारही स्पीकरमधून आलं. लोक हसले. त्यांना वाटलं नाटकातलंच आहे.

"पान कुणी काढलं?" मी म्हटलं. माइक चालू आहे हे कळल्यावर जरा मोठ्यानेच म्हटलं.

"देवाशी असं बोलतात का?"

"देव शब्द पाळतो."

पडद्याखालून एका पोराने विचारलं, "आंटी, डू वी डाय नाऊ?"

"नॉट येट," मी म्हटलं.

टाळ्या पडल्या. आणि टाळ्या पडल्या की आत यायचं, असं दोरीवाल्या माणसाला शिकवलेलं होतं. त्यामुळे मेजवानी व्हायच्या आधीच तो दोरी घेऊन आला. हा गृहस्थ नोकरीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. स्टेजवर काय चुकलंय हे त्याला दिसत नसावं, कारण त्याने मला बांधलं, मागची पोरं बांधली, आणि देव मध्येच पडलेला होता म्हणून त्याचा एक पायही बांधला. गाठी उत्तम होत्या.

आता कुणालाच पुढे जाता येईना. देव उठेना, सर्प मरेना. देवी विंगेतून पळून गेली होती. तेव्हा राणी पुढे आली. अध्यक्षांच्या बायकोने ट्रेमधली जाड भाकर उचलली, दोन्ही हातांनी वाकडीतिकडी मोडली, आणि पहिला तुकडा माझ्या तोंडाशी धरला.

"ताई, घ्या ना प्लीज," ती कुजबुजली. तेही स्पीकरमधून आलं. "मागे बासुंदी गरम होतेय."

माझे हात बांधलेले होते. भाकर मी खाल्ली. चांगली झाली होती, मध किंचित कमी. मग मी मेले. मागे पोरांनी रांगेने जीव सोडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि काका एका पायाने उठायचा प्रयत्न करत होते.

शेवटी त्यांनी आभार मानले. हॉलचे, अध्यक्षांचे, लाइटवाल्याचे. राणीचे, दोरीवाल्याचे, गाडीत बसलेल्या नागपूरच्या इंजिनिअरचे सुद्धा. आणि मग, दरवर्षी म्हणतात तेच, "चविष्ट जेवणासाठी आपल्या केटरर ताई." सर्पाचं नाव नाही.

मुलगी सांगितलेलं न ऐकता किचनमध्ये आली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आई, दॅट वॉज इन्सेन. यू जस्ट वुडन्ट डाय."

"मी राणी होणार होते," मी म्हटलं.

"कोण?"

"राणी. ती मुकुटवाली."

"ती? आई, शी वॉज सो बोरिंग." मग माझ्या इरकलीकडे तिचं लक्ष गेलं. काठ ओट्यावर घासत होता. तिने तो खोचून दिला. "तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार काय? दिसणारच होतं."

तिने बासुंदीचा डाव घेतला आणि वाढायला लागली. त्या रात्रीच तिने व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. माझी आई मरायला नकार देते, असं त्यावर लिहिलं होतं. आता भाजी घ्यायला गेले तरी अनोळखी लोक मला सर्पकाकू म्हणतात. नवरा म्हणतो, राणीला कोण ओळखतंय, तुला सगळं प्लेनो ओळखतं, मग भांडण कसलं?

हेच कुणाला समजत नाही. सर्प चांगला होता हा मुद्दा नाही. मी वांगी मागितली आणि पिशवीत उत्तम भेंडी निघाली, तर भेंडीबद्दल माझी तक्रार नसते. पण पिशवीत वांगी नसतात. आणि भाकर मी मोडणार होते, लोकांसमोर, माझ्या मुलीसमोर, माझ्या हाताने. ती मला भरवली गेली.

तरीही मी हे लिहिलं नसतं. दोन गोष्टी झाल्या म्हणून लिहिते आहे.

एक म्हणजे मागच्या महिन्यात दुकानात अध्यक्षांची बायको भेटली. कोथिंबीर निवडत होती. माझ्याशी ती कधी वाईट वागलेली नाही, तेव्हा मी सरळ विचारलं, तुझ्या नवऱ्याने राणीसाठी शब्द टाकला होता का?

"यांनी?" ती म्हणाली. "ताई, यांना नाटक आहे हेच शुक्रवारी कळलं. काकाच म्हणाले मला, तुझी पैठणी स्टेजवर छान दिसेल, मुकुटाला मॅच होईल."

मी कोथिंबीर परत ठेवली आणि घरी आले. गाडी हायवेवरून नीट चालवली याचं अजून आश्चर्य वाटतं.

दुसरी गोष्ट, परवा काका आले. त्याच पोत्यावर बसले. हित्तींचा शरदातही एक सण होता म्हणे. राजा मोहिमेवरून परतला की गावोगावच्या देवांना घाईघाईने भेटत फिरायचा. घाईचा सण. दिवाळीला करू म्हणतात. भाकरी पुष्कळ लागतील.

"आणि यंदा राणी तूच," ते म्हणाले. "नक्की."

"आधी मागचं बोला."

"मागचं काय?"

मागचं काय, असं विचारलं त्यांनी. माझ्या किचनमध्ये बसून, माझा चहा पीत.

तर काय ते सांगते. मला मुकुट नको. माफी नको, ती इथे लोक रस्त्यात धक्का लागला तरी मागतात. मला उत्तर हवंय. दिवाळीच्या कार्यक्रमात, लोक बसलेले असताना आणि माइक चालू असताना, डॉक्टरकाकांनी उभं राहून सांगावं की राणी कुणाला कबूल केली होती, ती दुसरीला कुणी दिली, आणि अध्यक्षांनी न टाकलेला शब्द त्यांच्या नावावर कुणी खपवला. अध्यक्षांना आपल्या नावाची चाड असेल, तर त्यांनी हे काकांना माझ्याआधी विचारावं. दोघांपैकी कोण आधी बोलतो ते मी बघतेय. तोवर जवाच्या पिठाला मी हात लावणार नाही.